भोंग्याची उचकी

वर्तकनगर, ठाणे
खंडेनवमी, गुरुवार, १३ ऑक्टोबर १९९४

प्रिय पोपट,
अनेक आशीर्वाद.

सकाळी दवाखान्यात कामाला गेले. प्लेगच्या भीतीने केसपेपरची रांग अजून रस्त्यापर्यंत येते. साधी शिंक आली तरी माणूस नाकाला रुमाल बांधून उभा राहतो. दुपारी डबा खाल्ला. येताना नाक्यावर झेंडू घेतला. पाव किलो मागितला होता, मग वाटलं एवढा काय करायचा, म्हणून मूठभरच घेतला. घरी येऊन हातपाय धुतले, चहा केला आणि तुझ्या दाजींनी जमवलेले भोंगे पुसायला बसले. वर्षाच्या आत सण करत नाहीत हे मला माहीत आहे. म्हणून हळदकुंकू लावलं नाही, नारळ फोडला नाही. नुसतं फडकं मारलं, तेलाचं बोट फिरवलं आणि एकेकावर एकेक फूल ठेवलं. आज यंत्रं चालवायची नसतात, पण पुसायला कोणाची हरकत असेल असं वाटत नाही.

तू येशील असं वाटलं होतं. दर खंडेनवमीला मानपाड्याला वर्कशॉपमधली पूजा आटपून तू पेढ्यांचा पुडा घेऊन यायचास आणि तुझे दाजी तुला दारातच अडवायचे, "पेढे नंतर रे मेहुण्या, आधी पाहुण्यांना फुलं घाल." पाहुणे म्हणजे भोंगे. रंगूबाईंना पहिल्या वर्षी खरंच वाटलं होतं की आमच्याकडे कोणी आलंय, म्हणून त्या शेजारधर्माने साखर घेऊन आलेल्या. आज त्यांनी दारातून डोकावून बघितलं, फुलं बघितली आणि गेल्या. थोड्या वेळाने वाटीभर भाजी पाठवली.

गॅलरीतल्या मोठ्या भोंग्यावर फूल ठेवलं, तर ते आत पडलं. त्याचं तोंड वर करून ठेवलंय आणि आत चाकच नाही, मग फूल अडणार कशाला? चाक तुझ्याकडे आहे. तेराव्याला तू ते गोणपाटात गुंडाळून नेलंस. "अक्का, लेथवर लावून सरळ करून आणतो," म्हणालास. त्यानंतर तू आला नाहीस आणि चाकही आलं नाही. तुझ्याकडून पोस्टकार्डही नाही. हे पत्र मी त्या चाकासाठी लिहिते आहे असं समज.

तुला हसू येईल, पण मला आता भोंग्यातलं थोडं कळायला लागलंय. ते असताना मी फक्त पुसायचं काम केलं. खाटेखाली दोन, माळ्यावर तीन, आणि वाफेची ती पितळी शिट्टी देवळीत. ती भोंगा नाहीच, तिला भोंगा म्हणू नकोस, असं ते मला दरवेळी सांगायचे आणि मी दरवेळी भोंगाच म्हणायचे. एका कर्ण्यात मी कांदे ठेवायचे. त्यावरून ते कधी रागावले नाहीत. फक्त एकदा म्हणाले, "हा कर्णा आवाज लांब फेकायला केलेला आहे, तुझे कांदे नाशिकला पोचतील." पण हे वाजतात कसे, हे मी कधी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय सांगायची त्यांची सवय नव्हती. तुला सगळं सांगायचे. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे, पण ते दुसऱ्याच्या घरातल्या रेडिओसारखं.

उन्हाळ्यात एका रविवारी हातभोंगा उघडला. तोच, लढाईच्या वेळचा, कल्याणच्या भंगार बाजारात मिळालेला, ज्याचं दाते झिजलेलं चक्र तू नवीन करून दिलंस. मला वाटायचं आत कुठेतरी शिट्टी असेल, पिपाणीला असते तशी. चार स्क्रू काढले तर आत शिट्टी नाही, पत्ती नाही, काहीच नाही. एक चाक, त्याच्या कडेला खिडक्या. बाहेरच्या डब्यालाही तितक्याच खिडक्या. मी बराच वेळ नुसती बघत बसले. एवढं ओरडतं ते, आणि ओरडायला तोंडच नाही.

मग उदबत्ती लावली. देवापुढे नव्हे, भोंग्यापुढे. हळूहळू मूठ फिरवली तर धूर मधल्या भोकातून आत ओढला गेला आणि खिडक्यांतून बाहेर फेकला गेला. म्हणजे चाक हवा ओढतं आणि फेकतं. चाकाची खिडकी डब्याच्या खिडकीसमोर आली की हवा सुटते, पुढे सरकली की अडते. सुटते, अडते, सुटते, अडते. लहानपणी गावच्या शाळेच्या गजांवरून तू काठी ओढत धावायचास, आठवतं? हळू चाललास तर टक टक, जोरात धावलास की टर्रर्र, आणि मास्तर बाहेर. तेवढंच आहे. भोंग्यात आवाज भरलेला नसतो, नुसती हवा अडवून अडवून सोडलेली असते. जोरात फिरवलं की सूर वर चढतो, हात दमला की खाली उतरतो. मला हे इतकं साधं वाटलं की ते इतकी वर्षं त्यात काय बघत होते असं आधी वाटलं. मग संध्याकाळी परत उघडून बसले.

चाक आणि डबा यांच्यामधली फट किती ठेवायची हे मात्र मला आधीपासून माहीत होतं, कारण त्यासाठी ते माझ्याकडे तुझी पोस्टकार्डं मागायचे. "पोपटाचं एक कार्ड दे." कार्ड सरकलं पाहिजे, पण दोन कार्डं जाता कामा नयेत. फट कमी झाली तर चाक तापून घासणार, जास्त झाली तर हवा अडणारच नाही, भोंगा घोगरा होणार. तू दिव्याला राहायला गेलास तेव्हा पाठवलेलं कार्ड त्यांना सगळ्यात आवडायचं. त्यावर तू लिहिलंयस, "पाणी एक दिवसाआड येते, बाकी सर्व खुशाल." त्यातलं खुशाल तेलाने पुसट झालंय.

आता तुला खरं विचारायचं ते. चाळीमागच्या रंगाच्या कारखान्याचा भोंगा, म्हणजे आता माझ्या गॅलरीत पडलाय तो, सुरू होताना उचकी द्यायचा. हुप्, हुप्, हुप्, आणि मग लांब सूर. संध्याकाळच्या भोंग्यावर आमची सगळी चाळ कुकर लावायची आणि उचकी लागली की कोणीतरी ओरडायचंच, "कोण काढतंय गं ह्याची आठवण?" रंगूबाईंचं उत्तर ठरलेलं, "त्याची बायको. वागळे इस्टेटचा भोंगा." मग तिकडूनही भोंगा वाजायचा आणि बायका हसायच्या. कारखाना बंद झाल्यावर पहिले काही दिवस आमचे कुकर मागेपुढे झाले.

ही उचकी का, यावर तुमची दोघांची पैज होती. दाजी म्हणायचे मोटरचं वाइंडिंग कुठेतरी तुटतंय, सुरुवातीला झटके खातंय. स्वतः वाइंडर, जन्मभर मोटरींना तार गुंडाळलेली, त्यांना सगळीकडे वाइंडिंगच दिसणार. तू म्हणायचास आत कबुतर घरटं करतंय. मिसळीची पैज, हरणाऱ्याने तीन प्लेट, तिसरी माझी. तो भोंगा भंगारात जाऊ नये म्हणून तुम्ही उतरवला हे खरं, पण निम्मं कारण ती मिसळ होती, हे मी लोकांना सांगत नाही.

पण मला ते सोडवेना. मोटर त्यांच्या दुकानातल्या दामाजींना दाखवली. ते म्हणाले, "वहिनी, मोटर ठणठणीत, अजून वीस वर्षं चालेल." म्हणजे दाजी हरले. कबुतराचं म्हणशील तर उचकी इतकी मोजून कबुतर देणार नाही. मग मी हातभोंग्यावर करून बघितलं. खळ केली, जाड कागदाची पट्टी घेतली आणि आधी बाहेरच्या डब्याची एक खिडकी बंद केली. गच्चीवर जाऊन मूठ फिरवली. आवाज थोडा बारीक झाला, पण उचकी नाही. मग ती पट्टी काढून आतल्या चाकाच्या एका खिडकीवर लावली आणि अगदी हळू सुरुवात केली. हुप्, हुप्, हुप्! पोपट, मी घाबरून मूठच सोडली. तीच उचकी. नीट विचार केला तेव्हा कळलं: बाहेरची खिडकी बंद असेल तर ती बंदच राहते, तिच्यातून कधीच काही येत नाही. आतली बंद असेल तर ती फिरते, आणि तुमच्या समोरून गेली की तेवढ्यापुरता आवाज गिळते. प्रत्येक फेरीला एकदा. वेग वाढला की उचक्या इतक्या जवळ येतात की कानाला वेगळ्या लागत नाहीत, सूर नुसता खरखरीत होतो. तो भोंगा खरखरीतच होता ना? रंगूबाई गच्चीवर धावत आल्या. "अगं मालन, आधीच प्लेग, त्यात तू लढाई पण लावलीस का?" मी म्हटलं, आठवतं का काही. आणि पुन्हा हळू फिरवला. त्या जिन्याच्या कठड्यालाच टेकल्या. म्हणाल्या, "अगो बाई, कुकर राहिला!"

तेव्हा दोष डब्यात नाही. मी डब्याच्या सगळ्या खिडक्यांत बोट घालून बघितलं, सगळ्या मोकळ्या आहेत. दोष तुझ्याकडच्या चाकात आहे. एखाद्या खिडकीवर कोणीतरी जुन्या काळी पत्रा झाळलाय का, किंवा गंज साठून ती बुजलीय का, एवढंच बघायचंय. तुझं गोणपाट उघडल्याशिवाय हे कळणार नाही. मला वाटतं, तू ते अजून उघडलं नाहीस.

तुळसा श्रावणात भेटली होती, कल्याणला, भाजी मंडईत. म्हणाली, "वन्सं, ते पोतं खाटेखाली आहे. झाडताना नुसतं हलवलं तरी हे उठून बाहेर जातात." मी टोमॅटो घेतले.

मानपाड्याची ती गंमत आता सांगते. तुला माहीतच आहे, पण मला सांगायची आहे. भोपाळ होऊन वर्षही झालं नव्हतं. तू नवं चक्र बसवलंस आणि तुम्ही दोघं हातभोंगा घेऊन वर्कशॉपच्या मागे गेलात. जेवणाची सुट्टी, यंत्रं बंद, म्हणजे आवाज नीट ऐकू येईल. आवाज नीट ऐकू आला. पहिल्या चढाला कोणीतरी "गॅस!" म्हणून ओरडलं आणि अख्खी एमआयडीसी रस्त्यावर. लोकांनी रुमाल ओले करून तोंडाला बांधले. एकजण ओरडत होता, "वाऱ्याच्या उलट पळा!" दुसरा विचारत होता, "अरे पण वारा कुठाय?" कँटीनच्या बाईने वड्यांचा थाळा डोक्यावर घेतला आणि तीही पळाली. हवालदार आला तेव्हा दाजी त्याला शांतपणे सांगायला लागले की साहेब, वरखाली सूर म्हणजे धोका आणि एकसारखा सूर म्हणजे धोका टळला, लढाईत असंच होतं, थांबा, मी टळल्याचा सूर देतो, लोक परत येतील. आणि त्यांनी एकसारखा सूर धरला. तो ऐकून जे थांबले होते तेही पळाले. हवालदाराने त्यांचा हात धरला आणि म्हणाला, "मास्तर, आधी तुमचा गॅस बंद करा."

त्यानंतर आपल्या घरात गॅस हा शब्द कोणी सरळ म्हणू शकलं नाही. सिलिंडर संपला तरी ते तोंडाला रुमाल बांधून सांगायचे.

माघातल्या त्या दिवशीचं तू मला एकदाच सांगितलंस, त्याच रात्री, दवाखान्याच्या बाकावर. भोंगा खाली उतरला होता, टेंपोत चढला होता. छातीत जड वाटतंय म्हणाले तेव्हा तू म्हणालास, "गॅस झाला असेल दाजी, सकाळी वडा खाल्लात." टेंपोवाला म्हणाला गॅसच. तू गाडी थांबवून सोडा आणलास, सोडेवाल्यानेही लिंबू जास्त पिळलं, गॅसला बरं म्हणून. आणि ते घोट घेऊन तुला म्हणाले, "हळू बोल रे, गॅस म्हणालास तर लोक पळतील." तुम्ही दोघं हसलात. हे सांगताना तू थांबलास, आणि पुढचं तू सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही. आपल्या घरात कोणी फार विचारत नाही.

तेराव्याला जाताना तू उंबऱ्याशी म्हणालास, "अक्का, मी सोडा पाजत बसलो." एवढंच. आणि गोणपाट उचललंस.

पोपट, मी रोज केसपेपर करते. छातीत दुखतंय म्हणून येणाऱ्या माणसाला तिथे बसलेली निम्मी रांग सांगते की गॅस आहे, आणि तो माणूसही तेच सांगतो. माझ्या मनात कितीदा येऊन गेलंय, त्या दिवशी ते घरी असते तर? मी ओवा दिला असता. मीठ लावून, गरम पाण्याबरोबर. रंगूबाईंनी पोटाला हिंग लावायला सांगितलं असतं. मी पंखा लावला असता आणि म्हटलं असतं, पडा जरा, गॅस आहे. तू जे म्हणालास तेच आम्ही सगळ्यांनी म्हटलं असतं, आणि ते स्वतःही तेच म्हणत होते. फरक एवढाच की माझ्याजवळ असते तर ओवा चावत गेले असते. तुझ्याजवळ होते म्हणून हसत गेले. उलट तूच मला सांग, शेवटचं ते आणखी काय बोलले. मला ते हवंय. ते फक्त तुझ्याकडे आहे.

रघूचं नाशिकहून पत्र आलंय, आई, दिवाळीच्या आत ते भंगार काढ, हातपाय पसरायला जागा होईल. त्याचं चूक नाही. बाकीच्यांचं काय करायचं ते बघू. पण गॅलरीतला मी देणार नाही, निदान त्याची उचकी कळेपर्यंत. त्याला मोटर जोडून द्यायला दामाजी तयार आहेत. चाक बसवायला मात्र दोघं लागतात. एकाने चाक धरायचं आणि दुसऱ्याने फटीत कार्ड फिरवायचं. कार्ड मी फिरवीन, तेवढं मला जमतं. तुझं दिव्याचं कार्ड त्यासाठीच जपून ठेवलंय.

तर भाऊबीजेला ये. यंदा ओवाळायचं नाही, गोड करायचं नाही, पण भाऊ जेवायला येऊ नये असं कुठे लिहिलेलं नाही. तुळसालाही आण. गोणपाट न उघडता आणलंस तरी चालेल, इथे उघडू. खिडकी बुजलेली निघाली तर पैज मी जिंकले आणि मिसळ तुझ्याकडून. मोकळी निघाली तर माझ्याकडून, आणि मग ही उचकी कुठून यायची हे आपल्याला पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागेल. त्याला वेळ लागेल. तुला दोनचार रविवार यावं लागेल.

संध्याकाळ झाली. कारखाना चालू असता तर आत्ता भोंगा झाला असता. माझा कान अजून त्या वेळेला तिकडे जातो. बाहेर काहीच होत नाही, तरी मी उठते. एक वाटी तांदूळ धुवून ठेवलेत, कुकर लावते.

तुझीच,
मालनअक्का